लीला आत्याचं राहिलेलं लग्न

लीला आत्या गेली हे मला फोनवर कळलं. ती ‘सौ.’ होती हे मात्र जव्हारच्या एसटी स्टँडसमोरच्या बॅनरवरून कळलं. मोखाड्याहून आलेल्या गाडीतून उतरले, तर समोर पानटपरीच्या वर तिचा फोटो. भोवती फुलांची चौकट, वर मोठ्या अक्षरांत भावपूर्ण श्रद्धांजली आणि खाली ‘कै. सौ. लीलाबाई काशिनाथ’, पुढे त्यांच्या घराण्याचं आडनाव. शोकाकुल म्हणून काशिनाथ स्वतः हात जोडून उभा, त्याचा फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठा. शेजारी त्याची दुसरी बायको, दोन मुलगे आणि मित्रमंडळ. पंचायत समितीची निवडणूक जवळ आली होती, हे सांगायला नकोच. माझ्या मागून उतरलेल्या बाईने डोक्यावरची पाटी सावरत बॅनर पाहिला आणि म्हणाली, “अगं, ही तर हॉस्टेलची रशिया. हिला नवरा होता?”

होता. आणि नव्हताही. या बाईला उत्तर देताना मला स्टँडवर उभं राहून शब्द सापडले नाहीत, म्हणून आता, काही महिने उलटल्यावर, लिहून सांगते आहे.

सगळा जव्हार तिला रशियन म्हणायचा, पण तिचं गाव रशियात नव्हतं. ते ताजिकिस्तानात, डोंगराच्या पायथ्याशी, कापूस पिकवणाऱ्या मुलखात. तिचे आईबाप कापडगिरणीच्या कामासाठी रशियातून तिकडे गेलेले, म्हणजे तिथल्या लोकांच्या लेखीही ती बाहेरचीच. पण तेव्हा तो सगळा एकच देश होता, आणि एका देशात कोण कुठून आलं हे कुणी फार विचारत नव्हतं, असं ती सांगायची. काशिनाथ साखरशेतचा. आमच्या भागात लाल बावट्याची माणसं गावोगाव फिरायची, त्यांनी हुशार पोरं हेरून तिकडे शिकायला पाठवली, त्यांतला तो एक. आमच्या पट्ट्यातून विमानात बसलेला पहिला माणूस, असं म्हातारे अजून सांगतात. तो तिथे शेतीच्या यंत्रांचं शिक्षण घेत होता आणि लीला आत्या त्याच्या हॉस्टेलच्या खानावळीत सूप वाढत होती. पुस्तकातल्यासारखी काही प्रेमकहाणी नाही. त्याला थंडी सोसायची नाही, ती त्याला दोनदा वाढायची, बस. तिथल्या सरकारी कचेरीत जाऊन दोघांनी सह्या केल्या, शिक्क्याचा कागद घेतला आणि शिक्षण संपल्यावर तो तिला घेऊन साखरशेतला आला.

आमच्यात, आदिवासी पाड्यांवर, सून आणायची तर ती कुठल्यातरी घरातून यावी लागते. आभाळातून पडलेली बाई चुलीशी बसत नाही. काशिनाथची आई अडून बसली, हिचं माहेर कोणतं ते सांग. तेव्हा माझा आजा पुढे झाला. आमचं घर ओढ्यापलीकडे, कूळ वेगळं. आजा म्हणाला, ही माझी लेक. एका सकाळी तिला आमच्या अंगणात बसवून तांदूळ लावले, ओटीत नाचणी घातली आणि आमच्या दारातून साखरशेतला पाठवली. लीला हे नाव आजीनेच ठेवलं, कारण तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना. त्या दिवसापासून ती बाबाची बहीण आणि पुढे माझी आत्या. आई सांगते, दुसऱ्या दिवशी तिला माहेरवाशीण म्हणून आंबील दिली, नाचणीची आंबवलेली. एक घोट घेतला आणि ती भांडं धरून रडायलाच लागली. आईला वाटलं, नासली असेल. तर तिच्या गावाकडे काळ्या पावाचं असंच आंबट पेय करतात आणि उन्हाळ्यात रस्त्यावर विकतात. एवढी लांब येऊन तीच चव…

आता एक गोष्ट सांगते, शहरातल्या वाचकांनी नाक मुरडू नये. आमच्यात मुलगी घरी आणली, दोघं नांदायला लागली, की संसार सुरू होतो. लग्न मागाहून लागतं. ऐपत आली की, भात बरं पिकलं की, घरातलं सुतक फिटलं की. कधी दोन वर्षांनी, कधी वीस वर्षांनी. नातवंडं मांडवात नाचतात आणि आजाआजीला हळद लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यात लाज नाही. पण लग्न लागावंच लागतं. धवलेरी येते, म्हणजे आमची लग्न लावणारी बाई, ती गाणी म्हणून दोन कुळं एकमेकांना बांधते, आणि मगच ती बाई त्या घरच्या पितरांना माहीत होते. काशिनाथच्या आईबापाचं लग्न तो शाळेत जात असताना लागलं, तोच त्या मांडवात ताशा वाजवत होता.

लीला आत्याला हे सगळं समजावलं होतं. तिला धवलेरीची गाणी फार आवडायची, कुणाचंही लग्न असो, ती तिच्या शेजारी जाऊन बसायची. विचारायची, माझं कधी? पहिल्या वर्षी पाऊस कमी झाला. दुसऱ्या वर्षी सासरा वारला. मग सासूनेच काढलं की हिचं तिकडे झालंय ना, सरकारी कागद आहे, मग परत कशाला? काशिनाथलाही तो कागद मोठा वाटायचा. आल्यागेल्याला दाखवायचा, एवढ्या बलाढ्य देशाचा शिक्का आहे, म्हणायचा. इथेच घोटाळा झाला. आमच्या साध्या माणसांना वाटलं, शिक्का म्हणजे धवलेरीपेक्षा पक्का.

आणि मग तो देशच गेला. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट, मी अंगणात रांगत होते. बातमी रेडिओवर आली, साखरशेतला ती पोचेपर्यंत तिचं काय झालं कोण जाणे, पण पाड्यातल्या बायकांना एवढं समजलं की लीलाचा मुलूख संपला. पूर आला की धरणी फाटली, कुणी विचारलं नाही. मयताच्या घरी जातात तशा बायका आल्या, तिच्या गळ्यात पडून रडल्या. सुतकातल्या घरी चूल पेटत नाही म्हणून आपापल्या घरून भाकरी आणि उडदाचं बेसन घेऊन आल्या. लाल बावट्याचा एक म्हातारा कार्यकर्ता डोंगर उतरून आला, तोही ओट्यावर बसून डोळे पुसत होता. ती आधी हसली. अगं, माणसं जिवंत आहेत, फक्त देश मोडला, असं सांगत सुटली. मग हसता हसता कधी रडायला लागली हे तिलाही कळलं नाही, असं आई सांगते. मला पुढे शिकल्यावर वाटलं, दिल्ली-मुंबईतल्या मोठमोठ्या पंडितांनी त्या देशाविषयी पानंच्या पानं लिहिली, पण त्याच्या सुतकाला भाकरी घेऊन फक्त साखरशेतच्या बायका गेल्या.

माणसं जिवंत आहेत हेही फार दिवस खरं राहिलं नाही. तिकडे यादवी पेटली. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी राहिलो ते आता म्हणतात, तुमच्या रशियात जा, असं तिच्या आईने पत्रात लिहिलं होतं. आईने राहतं घर मिळेल त्या किमतीला देऊन टाकलं आणि भावाबरोबर रशियातल्या कुठल्याशा खेड्यात गेली. तिथले लोक म्हणाले, तुम्ही तर ताजिकिस्तानचे. एक पत्र तिथून आलं. आई वारल्याचं भावाने कळवलं ते कैक महिन्यांनी. मग काहीच नाही. आत्याचा लाल पासपोर्ट ज्या देशाचा होता तो देश नकाशावर नव्हता. काशिनाथ तिला मुंबईला घेऊन गेला, एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने सांगितलं, तुमचं गाव आमच्यात येत नाही. इथल्या सरकारने विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? ती म्हणाली, साखरशेत. साहेब हसला.

त्यानंतर काशिनाथला नाशिकला सरकारी नोकरी लागली. सुरुवातीला महिन्याने यायचा, मग सणाला, मग सणालाही नाही. आत्याच्या पोटी मूल नव्हतं, त्यावरून सासू टोचायची. एक दिवस कळलं की त्याचं नाशिकला लग्न आहे. चांगलं हॉलमध्ये, बँड लावून, पत्रिका छापून. मुलगी आपल्याच लोकांतली, शिकलेली, मास्तरीण. बाबाने पंच बसवले. मी तेव्हा शाळेत नुकती जायला लागले होते, बाबाच्या मांडीला टेकून बसलेली मला आठवते. काशिनाथ इस्त्रीच्या पँटमध्ये आला होता. पंचांनी विचारलं, एक बायको घरी असताना दुसरी कशी? तो अगदी शांतपणे म्हणाला, “ज्या देशात लग्न झालं तो देशच राहिला नाही. मग कसलं लग्न? आणि इथे तर लागलंच नव्हतं, विचारा धवलेरीला.”

पंच धवलेरीकडे बघायला लागले. म्हातारी खरं बोलणारी. म्हणाली, मी नाही लावलं, मला कुणी बोलावलंच नाही. झालं. एका बाजूने कागद गेला, दुसऱ्या बाजूने गाणं झालंच नव्हतं, आणि या दोहोंच्या मधल्या फटीतून आत्या सरळ खाली गेली. माझं शिक्षण पुढे झालं, कायदाही थोडाफार कळला, आणि आता मला ठाऊक आहे की देश मोडला म्हणून लग्न मोडत नाही. पण त्या ओट्यावर हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि ज्याला ठाऊक असायला हवं होतं, तो एकटाच शिकलेला माणूस इस्त्रीच्या पँटमध्ये बसला होता. आत्या उठताना एवढंच म्हणाली, “देस माझा मोडला. याला काय झालं होतं?”

आजा तिला आमच्याकडे घेऊन आला. पण ती माहेरी बसून खाणारी नव्हती. जव्हारला मुलींच्या एका हॉस्टेलात स्वयंपाकाला बाई पाहिजे होती, तिथे लागली. रोजंदारीवर लागली आणि रोजंदारीवरच राहिली, कारण कायम करायचं म्हटलं की कुठल्या देशाची हा प्रश्न परत यायचा. पुढे मीही त्याच हॉस्टेलात शिकायला गेले. बाहेर ती माझी आत्या, पण जेवणाच्या रांगेत मला ओळख द्यायची नाही. भात सांडला तर सगळ्यांसारखाच मलाही पळीचा दांडा. मुली तिला रशिया म्हणायच्या. रशिया आली, रशिया चिडली, आज रशियाने आमटीत पाणी घातलं. ती ऐकायची आणि म्हणायची, “रशियाला फौज आहे. माझ्याकडे पळी आहे. गप जेवा.” तिचं मराठी आमच्या पाड्याचं होतं, पुण्याचं नव्हे, इथेला अठं म्हणायची, आणि शाळेतल्या बाई आमची बोली सुधारायला लागल्या की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मुद्दाम मोठ्याने आमच्या बोलीत हाक मारायची. उन्हाळ्यात करवंदं साखरेत आटवून बरणी भरून ठेवायची, बिनदुधाच्या चहाबरोबर चमच्याने खायची. आम्हाला बोटभर मिळायची, परीक्षेच्या दिवशी.

एकदा मुंबईहून कुणी पत्रकार आले होते. रशियन सून म्हणून तिच्यावर लिहायचं होतं. तिला कुणाचं तरी लुगडं नेसवलं, भिंतीवरच्या चौकासमोर, म्हणजे आमच्यात लग्नात काढतात त्या चित्रासमोर बसवलं, हातात जात्याचा खुंटा दिला. जातं तिने कधी फिरवलेलं नव्हतं, हॉस्टेलात दळण गिरणीतून यायचं. लेख छापून आला तो आम्ही मुलींनी तिला वाचून दाखवला. प्रेमासाठी सातासमुद्रापार आली, इथल्या मातीत रुजली, तृप्त आहे, असं काहीबाही. ती ऐकत तांदूळ निवडत होती. तृप्त म्हणजे काय, तिने विचारलं. मी म्हटलं, पोट भरलेली. म्हणाली, मग बरोबर आहे, मी भाताशीच काम करते. नवऱ्याविषयी त्या लेखात एक ओळ नव्हती, कारण विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी अभिमानाने सांगते, आणि त्या पदवीत तिच्या आमटीचा वाटा आहे हेही सांगते. निकाल घेऊन आधी तिच्याकडे गेले होते. तिने हात पुसून कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, शिक्का नीट जप. मग मला मोखाड्याला नोकरी लागली, पण बाजारहाटाला, ऑफिसच्या कामाला जव्हारला गेले की तिच्या खोलीवर चहा ठरलेला. दोन वर्षांपूर्वी काशिनाथ रिटायर होऊन गावी परतला. बंगला बांधला, कुटुंब घेऊन आला. ते कळलं त्या दिवशी चहा पिताना आत्या मला म्हणाली, “बाबाला सांग, त्याला विचार. माझं लग्न लावून दे.”

मला वाटलं, म्हातारपणी बाईचं डोकं फिरलं. त्या माणसाशी? ती हसली. तो नको होता तिला. त्याच्याकडून भांडं नको, भिंत नको, त्याच्या बंगल्याची पायरीसुद्धा तिला चढायची नव्हती. सकाळी धवलेरी यावी, तिने गाणं म्हणावं, दुपारी ज्याने त्याने आपापल्या घरी जावं. “मेल्यावर मी कठं जाऊ?” ती म्हणाली. “तठं देस नाय. अठं मी कोणाच्या पितरांना माहीत नाय. भगत कोणाला हाक मारील?” मी शिकलेली बाई, या गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही. पण तिचा होता. आयुष्यभर प्रत्येक कचेरीने तिला दारातून परत पाठवलं होतं, आणि मेल्यावरच्या दारातूनही परत जावं लागेल, याची तिला खरी भीती वाटत होती.

बाबा गेला. एकदा नाही, बरेचदा गेला. काशिनाथने खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, “धर्मा, या वयात हळद लावू? लोक हसतील. मला आता चार लोकांत उठबस आहे.” बाबाने आठवण करून दिली, तुझ्या आईबापाला लागली तेव्हा तू ताशा वाजवला होतास. तो म्हणाला, ते अडाणी होते.

पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप भरला. हॉस्टेलच्या मुलींनीच दवाखान्यात नेलं, बाबा जाऊन बसला, पण चार दिवसांत गेली. माहेरचं लुगडं बाबाने घातलं. मुली रांगेने आल्या, कुणी हाक मारली नाही तरी ओळीत उभ्या राहिल्या, जेवायला राहायच्या तशा. काशिनाथ त्या दिवशी आला नाही. त्याचा बॅनर आला.

दिवस घालायची, म्हणजे भगताकडून गेलेल्या माणसाला पितरांत घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र तो आमच्या अंगणात आला. बरोबर फोटो काढायला दोन पोरं. म्हणाला, दिवस माझ्या अंगणात होईल, ती माझी पत्नी, सगळ्या तालुक्याने वाचलंय. जमलेली माणसं बाबाकडे बघायला लागली. माझा बाबा मऊ माणूस, बैलावरही ओरडत नाही. तो बसल्या जागेवरून म्हणाला, “लग्न धवलेरी लावते, काशिनाथ. बॅनरवाला नाय लावत.” कुणीतरी हसलं. मग बाबाने भगताला सांगितलं, लग्न न लागलेली लेक ज्या घरची त्या घरची असते. ही माझ्या बापाची लेक. आमच्या पितरांत घे.

काशिनाथ गेला नाही. कुंपणाशी पाहुण्यांत बसला. भगताने दिवा ठेवला, आमच्या घरच्या गेलेल्या माणसांची नावं घेतली, आजाचं घेतलं, आजीचं घेतलं, आणि थांबला. आईबापाने ठेवलेलं नाव सांगा, म्हणाला. लीला आपण ठेवलेलं. तिचे पितर तिकडे शोधत असतील, त्यांनाही कळायला पाहिजे की त्यांची लेक इथे दिली. बाबाने माझ्याकडे पाहिलं, मी शिकलेली म्हणून. मला एवढंच माहीत होतं की तिची आई पत्रात तिला ल्यूदा लिहायची. पुरं नाव कितीदा विचारलं, तर ती म्हणायची, लीला बस आहे.

तेव्हा कुंपणाजवळून काशिनाथ म्हणाला, “ल्युदमीला. ल्युदमीला इवानोव्हना.” मग खाली बघत म्हणाला, इवान तिच्या बापाचं नाव, त्यांच्यात बापाचं नाव मागे लावतात, आपल्यासारखंच. भगताने म्हणून पाहिलं, चुकलं. काशिनाथने परत सांगितलं, अगदी हळू, एकेक अक्षर सोडवत, लहान मुलाला घास भरवावा तसं. परत चुकलं, परत सांगितलं. फोटो काढणाऱ्या पोरांनी मोबाइल खाली घेतले. शेवटी ते नाव भगताच्या तोंडून नीट उमटलं आणि दिव्यापुढे तांदूळ पडले. काशिनाथने बाबाला विचारलं, मी तिला नैवेद्याचं पान ठेवू का? बाबा म्हणाला, पाहुणे ठेवत नसतात. तो उठला आणि चालत गेला, गाडीतसुद्धा बसला नाही.

लोक म्हणतात, बरं झालं, तिला घर मिळालं. मिळालं, पण तिला लेक म्हणून नव्हतं जायचं, ते तर ती होतीच. आता आमच्या घरी सणाला पितरांची पानं मांडताना बाबा तिचं एक पान मांडतो आणि आईबापाने ठेवलेलं ते नाव घेतो. आधी परसात जाऊन पुटपुटत सराव करतो, तरी अडखळतो, दर वेळी थोडं निराळंच होतं. मी सांगायला जावं तर मलाही ते तसं जमत नाही. ते नाव अख्ख्या तालुक्यात एकाच माणसाला नीट घेता येतं. पंचांसमोर बसून लग्न झालंच नव्हतं म्हणाला, तेव्हाही त्याला ते येत होतं…